आश्वासनाला तारण काय?

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांला विषय दिला तो असा : निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार जेव्हा निसर्गरक्षणाचे आणि हवामान सांभाळण्याचे वचन देतो, तेव्हा मतदाराने त्या वचनाची पारख कशी करावी? विषय मोठा आणि आम्ही पडलो बँकेतले कारकून. शास्त्रज्ञ नाही, पुढारी तर नाहीच. पण वचन या वस्तूशी आमचा रोजचा संबंध आहे. माणूस काउंटरवर येतो आणि कर्ज फेडीन म्हणतो. तो खोटे बोलत असतो असे नव्हे. त्या घटकेला त्याच्या मनात फेडायचेच असते. तरीही बँक विचारते, तारण काय ठेवता? जामीनदार कोण?

उमेदवाराला हे कोणी विचारीत नाही. त्यातून निसर्गाचे वचन तर सर्वांत सोयीचे. रस्ता दिला नाही तर गावकरी जाब विचारतात, नळाला पाणी आले नाही तर बायका हंडे घेऊन मोर्चा काढतात. पण जंगल राखले नाही म्हणून जंगल मोर्चा काढीत नाही. हवामान बिघडल्याचा मार ज्यांना सर्वांत जास्त बसायचा आहे, त्यांतले पुष्कळ अजून जन्मालाही आलेले नाहीत. या कर्जाच्या धनकोचे नाव मतदारयादीतच नसते. मग वसुलीला येणार कोण?

म्हणून हवेत बोलण्यापेक्षा एकाच उमेदवाराचे खाते उघडून पाहावे असे आम्ही ठरवले. ही उमेदवार आपल्या देशातली नाही. ती दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझीलची आहे आणि तिचे नाव मरीना सिल्वा. नगरसेवकपदापासून राष्ट्राध्यक्षपदापर्यंतच्या निवडणुका तिने लढवल्या. काही जिंकल्या, काही हरल्या. प्रत्येक वेळी तिच्या बोलण्यात जंगल होते. खाते जुने असले म्हणजे माणूस कळतो.

ॲमेझॉनच्या अरण्यात आक्रे नावाचे ब्राझीलचे एक राज्य आहे. तेथे रबराचा चीक गोळा करणाऱ्या मजुराच्या घरी ८ फेब्रुवारी १९५८ रोजी मरीना जन्मली. अकरा भावंडे, त्यांतली आठ जगली. रबराच्या झाडाच्या सालीवर तिरक्या चिरा द्यायच्या, खाली वाटी बांधायची, थेंब थेंब चीक जमवायचा. झाड जगते आणि माणूसही जगतो. पण त्या अरण्यात जुनी रीत अशी होती की मजुराने मीठ, तेल, कापड मालकाच्याच दुकानातून घ्यायचे आणि रबर मालकालाच द्यायचे. भाव दोन्हींचा मालक ठरवणार आणि वही तोच लिहिणार. मजुराला अक्षर येत नसे, म्हणून कर्ज कधी फिटत नसे. सावकाराच्या वहीची ही गोष्ट आपल्या वडीलधाऱ्यांना वेगळी सांगायला नको.

मरीना सोळा वर्षांची झाली तेव्हा तिलाही वाचता येत नव्हते. कावीळ झाली म्हणून ती रिओ ब्रांको या शहरात आली. लोकांच्या घरी धुणीभांडी केली, प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरे गिरवली आणि सव्विसाव्या वर्षी, १९८४ मध्ये, विद्यापीठातून इतिहास विषय घेऊन पदवीधर झाली. आमची पदवीही कला शाखेची. आर्ट्‌स घेऊन काय उपयोग, असे विचारणारे नातेवाईक येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनाही असतील. त्यांना हे नाव सांगावे.

त्याच काळात आक्रेमध्ये चिको मेंडेस हा रबर मजुरांचा पुढारी काम करीत होता. गुरांच्या कुरणांसाठी मोठे जमीनमालक जंगल साफ करीत होते. करवती घेतलेली टोळी आली की मजूर बायकामुलांसह झाडांपुढे जाऊन उभे राहत. मरीना त्या आंदोलनात उतरली. १९८६ मध्ये दोघेही एकाच पक्षातर्फे निवडणुकीला उभे राहिले, तो राज्याच्या विधानसभेसाठी आणि ती देशाच्या संसदेसाठी. दोघेही हरले. १९८८ मध्ये ती रिओ ब्रांकोची नगरसेविका झाली, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला शापुरी गावी चिको मेंडेसचा त्याच्या घरी गोळी घालून खून झाला.

ज्या कामासाठी सहकाऱ्याचा जीव गेला ते काम पुढे चालवणे, हे आमच्या मते पहिले तारण. नगरसेविका झाल्यावर पदाबरोबर मिळणारे जादा भत्ते तिने परत केले आणि इतर सभासद काय काय घेतात तेही लोकांना सांगितले. सहकारी सभासदांना ते अर्थातच आवडले नाही. १९९० मध्ये ती राज्याच्या विधानसभेत गेली, १९९४ च्या निवडणुकीत छत्तिसाव्या वर्षी देशाच्या सिनेटवर निवडून आली. २००३ मध्ये लुला राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी तिला पर्यावरणमंत्री केले.

येथून खऱ्या परीक्षेला सुरुवात होते, म्हणून येथे थोडे थांबू. पण आधी जंगलाचा आणि हवामानाचा संबंध. झाड वाढताना हवेतला कार्बन आपल्या लाकडात साठवते. ते तोडून जाळले की तो साठा पुन्हा हवेत जातो. ब्राझीलमधून जे घातक वायू हवेत जातात त्यांत सर्वांत मोठा वाटा कारखान्यांचा किंवा मोटारींचा नसून जंगलतोड आणि शेती-गुरेपालन यांचा आहे. शिवाय ॲमेझॉनची झाडे जमिनीतले पाणी वाफेच्या रूपाने वर सोडतात. ती वाफ वाऱ्याबरोबर दक्षिणेला जाते आणि शेकडो कोस दूरच्या शेतांवर पाऊस होऊन पडते. जंगल तोडून सोयाबीन पेरणारा शेतकरी आपल्याच पावसावर कुऱ्हाड चालवतो. तेव्हा ब्राझीलमध्ये जंगल राखणे आणि हवामान राखणे हे जवळपास एकच काम आहे.

ऑगस्ट २००३ ते जुलै २००४ या वर्षात ॲमेझॉनमध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तुटले. म्हणजे साडेसात गोवा राज्ये एका वर्षात साफ. मरीनाच्या खात्याने मार्च २००४ मध्ये जी योजना आणली तिच्यात तेरा खाती सामील होती. पूर्वी जंगलतोडीचा नकाशा वर्षातून एकदा निघे. निरीक्षक पोहोचेपर्यंत तेथे गवत वाढून गुरे चरत असत. आता उपग्रहावरून दर पंधरवड्याला सूचना मिळू लागली. सुमारे २ कोटी ४० लाख हेक्टर क्षेत्र तिच्या कारकिर्दीत संरक्षित झाले. फेब्रुवारी २००५ मध्ये डोरोथी स्टँग या जोगिणीचा अरण्यातल्या गरीब शेतकऱ्यांची बाजू घेते म्हणून खून झाला, तेव्हा सरकारने लष्कर पाठवले आणि आणखी जंगल राखीव केले. वर्षाला तुटणारे जंगल २००७ पर्यंत ११,६५१ चौरस किलोमीटरवर आले.

पण आम्हांला सर्वांत जवळची वाटली ती बँकेची गोष्ट. विद्यार्थ्यांना ती कंटाळवाणी वाटेल, तरी ऐकावी. २००७ च्या अखेरीस सोयाबीन आणि मांस यांचे भाव चढले आणि तोड पुन्हा वाढू लागली. सरकारने सर्वाधिक तोड होणाऱ्या ३६ स्थानिक क्षेत्रांची यादी जाहीर केली. आणि फेब्रुवारी २००८ मध्ये देशाच्या चलनविषयक परिषदेने ३५४५ क्रमांकाचा एक ठराव केला. त्याचा अर्थ थोडक्यात असा की १ जुलै २००८ पासून ॲमेझॉन क्षेत्रात शेतीकर्ज मागणाऱ्याने जमीन आपलीच असल्याचा कागद आणि पर्यावरणाचे कायदे पाळत असल्याचा दाखला जोडला पाहिजे. नाही जोडला तर कर्ज नाही. सरकारी बँक असो की खाजगी, नियम एकच. लहान शेतकऱ्यांना अटी सौम्य ठेवल्या होत्या, हेही सांगायला हवे.

आमच्याकडे पीककर्जाला सात-बारा लागतो, आठ-अ लागतो, इतर बँकांचा नो ड्यूज दाखला लागतो. एक कागद कमी असला तर आम्ही अर्ज परत करतो आणि लोक आमच्यावर चिडतात. कारकून कागदावर बोट ठेवून बसतो अशी आमची ख्याती आहे. तेथे त्याच कारकुनी बोटाने जंगल वाचवले. अरण्यात बंदूकधारी टोळ्यांसमोर निरीक्षक एकटा पडतो. शहरातल्या शाखेत कर्जाचा अर्ज घेऊन तोच जमीनमालक आला की त्याला खुर्चीत बसून कागद काढावे लागतात. रिओच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हिशेब मांडला तेव्हा २००८ ते २०११ या काळात या एका नियमामुळे सुमारे २,७०० चौरस किलोमीटर जंगल तुटण्यापासून वाचले असा अंदाज निघाला. मुख्य परिणाम गुरेपालनाच्या भागात दिसला. सभेत दिलेले वचन शाखेतल्या कारकुनाला पाळावे लागणाऱ्या नियमात उतरले, तर ते वचन देणारा खुर्चीवर नसतानाही चालू राहते.

आणि तसेच झाले. नियम लागू होण्याआधीच मरीना खुर्चीवर नव्हती. मातो ग्रोसो राज्याचे राज्यपाल, जे स्वतः सोयाबीनचे बडे उत्पादक होते, त्यांनी जंगलतोडीचे आकडेच चुकीचे म्हटले. नवे निर्बंध मागे घ्या असा दबाव चहूकडून आला. मे २००८ मध्ये ॲमेझॉनच्या विकासयोजनेची सूत्रे लुलांनी दुसऱ्या मंत्र्याकडे दिली, आणि १३ मे रोजी मरीनाने राजीनामा दिला. तिच्यानंतर आलेल्या मंत्र्यांनी तो बँकेचा ठराव मात्र सोडला नाही. २०१२ मध्ये वर्षाची तोड ४,५७१ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आली.

आता खात्याची नावे बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर हे कौतुकाचे भाषण होईल. जनुक बदललेल्या सोयाबीनला परवानगी देऊ नये असे तिचे मत होते. सरकारने परवानगी दिली आणि ती मंत्रिमंडळात राहिली. मादेइरा नदीवरच्या दोन प्रचंड धरणांना २००७ मध्ये तिच्याच खात्याखालच्या संस्थेने प्राथमिक मंजुरी दिली. तेव्हाच बाहेर पडायला हवे होते असे म्हणणारे पर्यावरणवादी ब्राझीलमध्ये कमी नव्हते. आमचे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे. २००५ मध्ये ती गेली असती तर २००८ चा ठराव झाला असता का? कधी चिकटून राहायचे आणि कधी उठायचे याचे गणित बाहेरून सोपे दिसते.

२००९ मध्ये तिने जुना पक्ष सोडला आणि हरित पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी घेतली. येथे एक गंमत पाहा. ती उभी राहणार असे ऑगस्ट २००९ मध्ये दिसू लागले, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत ब्राझील सरकारने २०२० सालच्या अपेक्षित उत्सर्जनात ३६ ते ३९ टक्के कपात करण्याचे उद्दिष्ट जाहीर करून कायद्यात घातले. कोपनहेगनच्या हवामान परिषदेला शिष्टमंडळ घेऊन गेल्या त्या दिल्मा रूसेफ, म्हणजे सरकारी पक्षाच्या भावी उमेदवार. धरणांच्या प्रश्नावर मरीनाशी त्यांचेच सर्वांत जास्त वाजले होते! याला योगायोग म्हणायचे तर म्हणावे. आम्हांला वाटते, एक उमेदवार एखादा विषय जिवावर घेऊन उभा राहिला की इतरांना त्या विषयावर गप्प राहता येत नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये मरीनाला सुमारे १ कोटी ९६ लाख मते मिळाली, शेकडा एकोणीसच्या वर. ती तिसरी आली.

२०१४ ची हकीकत कडू आहे. स्वतःचा पक्ष काढायला सह्या कमी पडल्या म्हणून ती समाजवादी पक्षाच्या एदुआर्दो काम्पोस यांच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार झाली. १३ ऑगस्टला विमान कोसळून काम्पोस गेले आणि उमेदवारी तिच्यावर आली. काही आठवडे पाहणीचे आकडे तिला विजयी दाखवीत होते. मग सरकारी पक्षाने दूरदर्शनवर जाहिरात सोडली. मध्यवर्ती बँकेला स्वायत्तता द्यावी असे तिचे म्हणणे होते. जाहिरातीत गरीब कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलावरचे अन्न दिसेनासे होताना दाखवले. धुणीभांडी करून शिकलेल्या बाईला गरिबांच्या तोंडचा घास काढणारी ठरवले. पण तिचीही बाजू सर्वस्वी स्वच्छ नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस तिचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यातले समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे कलम दुरुस्ती म्हणून काढले गेले. जंगलाबाबत कधी मागे न हटलेल्या उमेदवाराने येथे एका रात्रीत शब्द फिरवला, आणि मतदारांनी तो लक्षात ठेवला. एकवीस टक्के मते पडली. पुन्हा तिसरा क्रमांक. दुसऱ्या फेरीत तिने उजवीकडच्या उमेदवाराला पाठिंबा दिला, त्याने डावीकडचे आणखी दुरावले.

२०१८ मध्ये तर एक टक्का. माणूस तोच, जंगल तेच, कळकळ तीच, आणि मते दोन कोटींवरून दहा लाखांवर. देश दोन टोकांना गेला होता. निवडून आलेल्या जाईर बोल्सोनारो यांनी २०१९ पासून निरीक्षकांचे बळ काढून घेतले, नॉर्वे आणि जर्मनी यांच्या पैशांवर चालणारा ॲमेझॉन निधी गोठला, आणि २०२१ मध्ये तुटलेले जंगल १३,००० चौरस किलोमीटरच्या वर गेले. सुजाण मतदारांचा देश आहे, असे कसे झाले, हा प्रश्न आम्ही विचारणार नाही. पोट, भीती आणि राग यांपुढे जंगल मागे पडते. हे फक्त ब्राझीलमध्येच होते असे नाही.

आता या भाषणाचा गाभा. २०२२ मध्ये लुला पुन्हा उभे राहिले. त्यांना मरीनाचा पाठिंबा हवा होता. दोघांत वर्षानुवर्षांचा दुरावा. १२ सप्टेंबर २०२२ रोजी ती त्यांच्या शेजारी बसली, पण रिकाम्या हाताने नाही. पर्यावरणाच्या मागण्यांचा लेखी मसुदा घेऊन गेली. त्यांनी तो स्वीकारल्यावर पाठिंबा जाहीर केला. बँकेच्या भाषेत, जुन्या थकबाकीदाराला नवे कर्ज देताना तिने कागद करून घेतला. ती स्वतः साओ पाउलो राज्यातून २ लाख ३७ हजारांवर मते घेऊन संसदेत निवडून आली. एका टक्क्याची उमेदवार अशी चार वर्षांत परत आली, आणि दुसऱ्याच्या आश्वासनाची जामीनदार बनली.

१ जानेवारी २०२३ पासून पुन्हा तेच खाते तिच्याकडे आले आणि खात्याच्या नावात हवामान बदल हे शब्द वाढले. निधी खुला झाला. २०२२ मध्ये साडेअकरा हजारांवर असलेली तोड २०२३ मध्ये ९,०६४, २०२४ मध्ये ६,५१८ आणि २०२५ मध्ये ५,७९६ चौरस किलोमीटरवर आली. २०२४ मध्ये भयंकर दुष्काळ पडला आणि करवत न लागलेले जंगलही मोठ्या प्रमाणावर जळाले. ती आग या आकड्यांत पुरती दिसत नाही, म्हणून आकडे वाचताना जपून वाचावेत.

आणि लेखी कागदाचे काय झाले? काही पाळले गेले, काही राहिले. हवामानासाठी स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरण नेमण्याची मागणी त्या मसुद्यात होती. सप्टेंबर २०२४ मध्येही त्याची घोषणाच चालू होती. २०२३ च्या मध्यास संसदेने मरीनाच्या खात्याकडून पाण्याचा विभाग काढला आणि ग्रामीण जमिनींची पर्यावरणीय नोंदवहीसुद्धा काढून दुसऱ्या खात्याकडे दिली. तलाठ्याची दप्तरे उचलून न्यावीत तसे झाले. मे २०२५ मध्ये सिनेटच्या समितीत एका सभासदाने स्त्री म्हणून मान देतो, पण मंत्री म्हणून नाही, अशा अर्थाचे उद्‌गार काढले. माफी मागा म्हणाली, त्याने मागितली नाही, ती उठून बाहेर पडली. ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या समुद्रात तेल शोधण्यासाठी विहीर खणण्याचा परवाना सरकारी तेल कंपनीला ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळाला. त्यासाठी स्वतः लुला आग्रही होते. परवान्यांचे नियम सैल करणारा कायदा संसदेने जुलै २०२५ मध्ये संमत केला होता. लुलांनी त्यातल्या ६३ तरतुदींवर नकाराधिकार वापरला. नोव्हेंबरमध्ये बेलेम शहरात जगाची हवामान परिषद भरली, पाहुणे आपापल्या देशी परतले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस संसदेने त्यांतले बहुतेक नकाराधिकार रद्द केले.

म्हणजे राष्ट्राध्यक्षाला एक उमेदवार निवडला आणि संसदेत त्याच्या उलट मतांची माणसे पाठवली, तर काय होते तेही या खात्यात नोंदलेले आहे. लुला आणि मरीना यांची नावे सर्वांना ठाऊक. त्या संसदेतल्या पाचशे तेरा प्रतिनिधींनी जंगलाविषयी प्रचारात काय सांगितले होते, हे किती मतदारांनी विचारले असेल?

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. विद्यार्थ्यांना काही विचारायचे असेल तर विचारावे. जंगलाविषयी नाही तर बँकेविषयी विचारले तरी चालेल. आम्ही येथे थांबतो.